मार्क तुम्हाला, माहिती आमची: विचारल्याशिवाय घ्यायची नाही!



वाडीवाडीतल्या आयाबायांनो, भावांनो, तरण्या पोरापोरींनो,

भातकापणी उरकत आली की आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसं येतात. एक वीटभट्टीचा मुकादम, बयाणा घेऊन. दुसरी कॉलेजची पोरं, फॉर्म घेऊन. मुकादमाचा हिशोब आता आपल्याला कळतो. किती दिले, किती कापले, किती फिरले हे आपण मांडायला शिकलो. फॉर्मवाल्यांचा हिशोब मात्र अजून कुणी मांडला नाही. तो या अंकात मांडतो. ज्याला वाचता येतं त्याने बाकीच्यांना बसवून वाचून दाखवावं.

खांदेश्वर, नवीन पनवेल, खारघर, बेलापूर हा पट्टा आता कॉलेजांचा झाला. तिथून निघायचं, पनवेलला एसटी नाहीतर जीप धरायची, तासाभरात माथेरानच्या डोंगराखालची नाहीतर कर्नाळ्याच्या बाजूची वाडी हजर. मुंबईच्या इतक्या जवळ इतका स्वस्त 'आदिवासी' दुसरीकडे कुठे मिळणार? सकाळी यायचं, वडापाव खायचा, तीस फॉर्म भरायचे, पोरांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायचा, चारच्या गाडीने परत. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात फिल्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाला श्रेयांक आले. म्हणजे मार्क आले. म्हणजे पोरांची संख्या वाढणार. आधी समाजकार्याच्या कॉलेजचीच पोरं यायची. आता कॉमर्सची येतात, सायन्सची येतात, नर्सिंगची येतात.

आम्ही पोरांवर रागावलेलो नाही. ती आपल्याच वयाची आहेत. त्यांना सरांनी पाठवलेलं असतं. आमचा सवाल सरांना आहे, कॉलेजला आहे, विद्यापीठाला आहे: माणसांची माहिती घ्यायला पोरं पाठवण्याआधी तुम्ही कुणाला विचारलं? त्या प्रश्नांची यादी कुणी तपासली? आणि आम्ही 'नाही' म्हणालो तर ते ऐकायची तयारी ठेवून तुम्ही पोरांना पाठवलं का?

प्रश्न कसले असतात ते बघा

घरात किती माणसं, शिक्षण किती, इथपर्यंत ठीक. मग पुढे: दारू कोण पितं? घरी गाळता का? मुलीचं लग्न कितव्या वर्षी केलं? नवरा मारतो का? मुकादमाचं किती देणं आहे? शिकारीला जाता का? उंदीर खाता का? लाकूड कुठून आणता? ही जमीन कधीपासून कसता?

आता एकेक प्रश्न कायद्यापुढे ठेवा. घरी दारू गाळणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा. शिकार हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा. अठराच्या आत मुलीचं लग्न हा २००६ च्या कायद्याखाली गुन्हा. आणि अल्पवयीन पोरीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकाला बंधनकारक, त्यात फॉर्म भरणारी पोरगीही आली. तिला हे माहीत असतं का? तिच्या सरांनी सांगितलेलं असतं का? आपल्या बाईने मन मोकळं करून काही सांगितलं तर पुढे त्याचं काय होईल, हे आधी त्या बाईला कुणी सांगतं का?

पोरं ज्याला 'प्रश्नावली' म्हणतात तो आपल्यासाठी जबाब असतो. पोलीस जबाब घेतात तेव्हा निदान आपल्याला कळतं की हा जबाब आहे. इथे हसत हसत घेतात, आणि खाली नाव, वाडीचं नाव, मोबाईल नंबर लिहून नेतात.

खांदा कॉलनीतल्या एखाद्या सोसायटीत हीच प्रश्नावली घेऊन जा, सर. दार वाजवा. विचारा, 'काका, दारू किती पिता? काकूंना मारता का? कर्ज किती, कुणाचं? संडासला कुठे जाता?' वॉचमन गेटच्या आत सोडेल? वाडीला गेट नाही, वॉचमन नाही, म्हणून सराव आमच्यावर.

जमिनीचा प्रश्न: इथे खरी फाशी आहे

आपल्या रायगडात दळी जमिनीचे, वनहक्काचे दावे चालले आहेत हे सगळ्यांना ठाऊक. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासीसाठी तारीख ठरली आहे: १३ डिसेंबर २००५. त्या तारखेच्या आधीपासून जमीन कसत असलं पाहिजे. दावा त्या तारखेवर उभा राहतो नाहीतर पडतो.

आता एक पोरगी येते. फॉर्मवर प्रश्न: 'सदर जमीन किती वर्षांपासून कसता?' घरात म्हातारा नाही, भट्टीवर गेला. सून आहे, लग्न होऊन चार वर्षं झाली. ती म्हणते, 'चार वर्षं करतोय आम्ही.' ती आपल्या हिशोबाने खरं बोलली. पोरगी चार लिहिते. तसे तीस फॉर्म जमतात. त्याचा तक्ता होतो, गोल चित्र होतं, रिपोर्टाला पुठ्ठा लागतो: 'अमुक वाडीतील बहुतांश कुटुंबे अलीकडच्या काळात वनजमिनीवर शेती करू लागली आहेत.' तो रिपोर्ट कॉलेजच्या लायब्ररीत जातो, एखाद्या संस्थेच्या फाइलीत जातो, कुणीतरी मोबाईलवर टाकतो. उद्या वनखात्याचा माणूस तोच कागद घेऊन समितीपुढे उभा राहिला तर? कॉलेजचा कागद आहे, शिक्का आहे. आपल्या म्हाताऱ्याच्या तोंडी जबाबाला शिक्का नाही.

उगाच भीती घालत नाही. वनहक्काच्या १३ व्या नियमात कोणकोणते पुरावे चालतात त्याची यादी आहे. त्यात वाडीतल्या वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब आहे, आणि नामांकित संस्थांनी केलेले अभ्यास, रीतीरिवाजांच्या नोंदी हेही आहेत. म्हणजे अभ्यास हा पुरावा असतो हे कायद्यालाच मान्य आहे. जो पुरावा आपल्या बाजूने उभा राहू शकतो, तो वाकडा लिहिला तर आपल्या विरोधातही उभा राहू शकतो. म्हणून 'हा काय, पोरांचा प्रोजेक्ट' असं आम्हाला सांगू नका. तुमच्यासाठी तो दोन श्रेयांकांचा आहे, आमच्यासाठी दोन एकरांचा.

सरळ नीट केलेला अभ्यास उपयोगी पडतो, हेही आपल्याच जिल्ह्यात दिसलं आहे. कातकऱ्यांची घरं ज्या जागेवर आहेत ती जागा त्यांच्या नावावर नाही, मालक केव्हाही उठवू शकतो, या प्रश्नावर कर्जत तालुक्यातल्या अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सच्या माणसांनी कातकऱ्यांना बरोबर घेऊन काम केलं. त्याचं पुस्तक २०१३ साली इंग्रजीत निघालं. तिथे प्रश्न वाडीचा होता आणि अभ्यास वाडीच्या लढ्यासाठी होता. गोदावरी परुळेकर १९४५ साली वारल्यांमध्ये गेल्या त्या फॉर्म घेऊन गेल्या नाहीत. वेठ मोडायला गेल्या. पुस्तक त्यांनी लिहिलं ते खूप नंतर, १९७० साली. आधी माणसांबरोबर उभं राहायचं, मग लिहायचं. आता उलटं झालंय. आधी लिहायचं, आणि उभं राहायचं नाहीच.

'हे संशोधन नाही, हा वर्गातला सराव आहे'

सरांना विचारलं की हे उत्तर येतं. नैतिकता समितीचं नाव काढलं की म्हणतात, ती डॉक्टरांच्या औषधांच्या चाचण्यांसाठी असते, नाहीतर पीएचडीसाठी. पोरांचा प्रोजेक्ट छापून येत नाही, त्यातून नवं ज्ञान निघत नाही, मग तपासायचं कशाला?

हे उत्तर मुळात अमेरिकेतून आलं. तिथे अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं गरीब काळ्या शेतमजुरांचा गरमी रोग डॉक्टर नुसता बघत बसले. पेनिसिलिन हे औषध आलं तरी दिलं नाही. ते उघड झालं, बोंबाबोंब झाली, म्हणून १९७४ साली कायदा झाला आणि माणसांवरचं संशोधन समितीकडून तपासून घ्यायची सक्ती झाली. पण त्या नियमांत संशोधनाची व्याख्या अशी केली की ज्यातून सगळीकडे लागू पडेल असं ज्ञान काढायचं असतं तेच संशोधन. वर्गातला सराव त्याच्या बाहेर राहिला. ती पळवाट आपल्याकडच्या कॉलेजांना आयती मिळाली.

आमचं म्हणणं साधं आहे. इजा छापल्याने होत नाही, विचारल्याने होते. ज्या बाईचं पोर गेलंय तिला तुम्ही चार माणसांत विचारलंत, 'किती मुलं मेली?', तर ती इजा तिथेच झाली. मग ते पुस्तकात छापा नाहीतर वहीत ठेवा. सुई टोचणारा डॉक्टर आहे की शिकाऊ, हे हाताला कळत नाही. उलट शिकाऊ असला तर शेजारी मोठा डॉक्टर उभा राहतो. इथे शिकाऊ एकटाच, आणि मोठे सर पनवेलमध्ये.

नाव बदललं की नियम चुकवता येतो, हे आपल्या आदिवासी पोरींनी सोसलं आहे. २००९ साली आंध्र प्रदेशच्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची एचपीव्ही लस हजारो शाळकरी मुलींना टोचली. त्यात कितीतरी आदिवासी, कितीतरी वसतिगृहातल्या. पाथ नावाची परदेशी संस्था आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, यात होती. ही चाचणी नाही, हा 'प्रात्यक्षिक प्रकल्प' आहे असं सांगितलं गेलं. काही मुली मेल्यावर २०१० साली ते थांबवलं. मृत्यूंचा लसीशी संबंध नाही असं सरकारी चौकशीने म्हटलं. ते बाजूला ठेवा. संमतीचं काय झालं ते बघा. संसदेच्या समितीने २०१३ च्या अहवालात लिहिलं: आंध्रातल्या ९,५४३ फॉर्मांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या, आणि १,९४८ वर अंगठे होते. आईबापांना पत्ताच नाही. पोरगी कुणाची, सही कुणाची!

आपल्या आश्रमशाळांत आज काय होतं? कॉलेजचा गट येतो, मुख्याध्यापक 'हो' म्हणतात, पन्नास पोरांना मैदानात बसवतात, वजन घेतात, उंची घेतात, प्रश्न विचारतात. आईबाप कुठल्यातरी भट्टीवर. मुख्याध्यापकाचा 'हो' म्हणजे आईबापाचा 'हो' नव्हे. खम्ममचा धडा आपल्या आश्रमशाळेच्या दारावर लिहून ठेवला पाहिजे.

नियम आहेत, पण आपल्या दारापर्यंत येत नाहीत

नियम नाहीतच असं नाही. आयसीएमआरने २०१७ साली माणसांवरच्या आरोग्य संशोधनासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात आदिवासींना जास्त जपायच्या गटात धरलं आहे. वस्तीत शिरण्याआधी जिल्हाधिकारी किंवा आदिवासी कल्याणच्या अधिकाऱ्याची मंजुरी घ्या, जाणत्या वडीलधाऱ्यांशी बोला, आणि गावच्या प्रमुखाने परवानगी दिली तरी प्रत्येक माणसाची संमती वेगळी घ्या, असं त्यात आहे. वाचता न येणाऱ्याची संमती घेताना तटस्थ साक्षीदार ठेवायला सांगितलं आहे. मुंबईतच २००० साली सेहत संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यातल्या सामाजिक संशोधनासाठीही सूचना तयार झाल्या होत्या.

पण हे सगळं आरोग्याच्या संशोधनाचं. दारू, कर्ज, जमीन, लग्न यावर कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाने केलेला सर्व्हे यात कुठे बसतो? कुठेच नाही. २०२३ साली संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहितीचा कायदा केला. त्यात अठराच्या आतल्या पोराची माहिती घ्यायला आईबापाची संमती लागते, पण संशोधन आणि आकडेवारीसाठी सूट ठेवून दिली. म्हणजे कॉलेज एका कायद्यापुढे म्हणणार 'हे संशोधन नाही', आणि दुसऱ्या कायद्यापुढे म्हणणार 'हे संशोधन आहे'. दोन्हीकडून मोकळे!

आणि गंमत बघा. २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केला की दुसऱ्याच्या पुस्तकातलं चोरून प्रबंधात लिहायचं नाही. दहा टक्क्यांपर्यंत सारखं निघालं तर माफ, साठ टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पुस्तकातली ओळ चोरली तर इतकी कडक शिक्षा. आमच्या आजीच्या तोंडातून झाडपाल्याचं औषध नेलं, तिचं नाव नाही, वाडीचं नाव नाही, तर ते चोरीत धरत नाहीत. त्याला 'प्राथमिक माहिती' म्हणतात. म्हणजे छापलेल्या शब्दाला मालक आहे, बोललेल्या शब्दाला नाही. सातबाऱ्याचं पण असंच झालं ना? ज्याचा कागद त्याची जमीन. सिडकोने नवी मुंबईसाठी जमीन घेतली तेव्हा मोबदला मिळाला तो सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला. पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्या, पण कागदावर नसणाऱ्या माणसाला कोण विचारतो?

जगात आपल्यासारख्यांनी काय केलं

अमेरिकेत ग्रँड कॅन्यन नावाची मोठी दरी आहे. तिच्या तळाशी हवासुपाई नावाचे आदिवासी राहतात. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० पासून अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या माणसांनी मधुमेहासाठी म्हणून त्यांचं रक्त नेलं. २००३ साली त्याच जमातीची कार्लेटा टिलूसी नावाची बाई विद्यापीठात एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाचं भाषण ऐकायला बसली होती. ऐकता ऐकता तिला कळलं की हे आपल्याच लोकांचं रक्त, आणि मधुमेहाशी संबंध नसलेल्याच कामाला वापरलंय. तिने तिथेच उभं राहून विचारलं, याला परवानगी घेतली होती का? पुढे कळलं की वेडाच्या आजारावर, आपसातल्या लग्नांवर, त्यांचे पूर्वज कुठून आले यावर ते रक्त वापरलं होतं. जमात कोर्टात गेली. २०१० साली विद्यापीठाला सात लाख डॉलर आणि उरलेलं रक्त परत द्यावं लागलं. लोकांनी ते रडत घरी नेलं. हे सगळं कशावरून उघड झालं? एका विद्यार्थ्याच्या कामावरून, आणि आपल्यातलीच एक बाई त्या खोलीत बसलेली होती म्हणून.

दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ साली स्वतःचेच नियम काढले. विद्यापीठाची वाट बघितली नाही. आम्हाला मान द्या, खरं सांगा, न्यायाने वागा, आमची काळजी घ्या, आणि आधी आमच्या पंचायतीकडे या. बस्स. साध्या भाषेत, मोजक्या पानांत.

आपल्या देशात केरळच्या अगस्त्य डोंगरात १९८७ साली शास्त्रज्ञ कानी आदिवासींना वाटाड्या म्हणून घेऊन गेले. चढ चढताना कानी पोरं एक रानफळ खात होती, थकत नव्हती. शास्त्रज्ञांनी विचारलं, पोरांनी आधी टाळलं, मग सांगितलं. त्यातून 'जीवनी' नावाचं औषध झालं, ते बनवायचा परवाना दहा लाखांना गेला. त्यातला अर्धा वाटा कानींच्या ट्रस्टला द्यायचं ठरलं. वाटा मिळाला म्हणून हे उदाहरण सांगतात. पण शब्द आधी गेला, वाटा किती वर्षांनी आला ते बघा.

'मग आम्ही पोरांना शिकवायचं कसं?'

काही सर चांगले आहेत. ते मनापासून विचारतात. त्यांना उत्तर देणं आपलं काम आहे.

ते म्हणतात, समितीकडे जायचं तर तीन महिने जातात आणि सेमिस्टर चार महिन्यांचं. बरोबर आहे. आम्ही कुठे म्हणतो प्रत्येक प्रोजेक्टासाठी शहरात बारा जणांची समिती बसवा? इंग्रजीत वीस पानांचा फॉर्म काढलात तर ते दुसरं वनखातंच होईल. शिक्का तिथे, माणूस इथे. आणि सह्यांचा तर आमच्याकडे धसकाच आहे. अंगठा देऊन आमच्या किती जमिनी गेल्या, म्हणून १९७४ साली आदिवासींच्या जमिनी परत करायचा कायदा करावा लागला. तुम्ही संमतीपत्र पुढे करता, 'इथे अंगठा द्या' म्हणता, तेव्हा म्हातारीचा हात का थरथरतो ते यावरून समजा. तुमचं संमतीपत्र तुमच्या कॉलेजला वाचवतं, आम्हाला नाही. आम्हाला तोंडी, चार माणसांसमोर, आमच्या बोलीत सांगा.

ते म्हणतात, पोरांनी सराव कुठे करायचा? एकमेकांवर करा. आपल्या आईबापांवर, आपल्या सोसायटीत करा. स्वतःच्या आईला 'बाबा मारतात का' विचारताना तोंडात शब्द अडला, की कळेल काय विचारायचं आणि काय नाही. तेवढं शिकून मग वाडीवर या.

ते म्हणतात, अशाने तुम्ही दार बंद कराल, मग तुमचे प्रश्न जगाला कळणार कसे? दार बंद करायचं नाही. आपलीही पोरं पनवेलला हॉस्टेलवर राहून शिकताहेत. उद्या तीच अभ्यास करणार आहेत, आणि आपल्याला चांगले अभ्यास पाहिजेतच. दार बंद करायचं नाही, दाराला कडी लावायची. कडी आतून असते. आणि एक लक्षात ठेवा. ही कडी गरिबाच्या घराची आहे, साहेबाच्या कचेरीची नाही. विद्यार्थी वनखात्याचा कारभार तपासायला निघाले, भट्टीमालकाचा हिशोब बघायला निघाले, तर मालकाची परवानगी आणा असं कुणी म्हणू नये. नैतिकतेच्या नावाखाली मोठ्यांना लपायला जागा मिळाली तर तो आमच्या मागणीचा विपर्यास होईल.

आमच्या मागण्या

१) ज्या कॉलेजला विद्यार्थी वाड्यावस्त्यांवर पाठवायचे आहेत त्याने आधी प्रश्नावली दोन शिक्षकांकडून तपासून घ्यावी. त्यातला एक तो विषय शिकवणारा नसावा. दारू, मारहाण, लग्नाचं वय, शिकार, जमिनीचा ताबा, आजार, यातला एकही प्रश्न असला तर ती कॉलेजच्या नैतिकता समितीकडे जावी, आणि त्या समितीवर आदिवासी समाजातला माणूस असावा.

२) वाडीवर येण्याच्या पंधरा दिवस आधी ग्रामसभेला मराठीत एक पानाचं पत्र द्यावं: कोण येणार, काय विचारणार, कशासाठी, माहिती कुठे ठेवणार, कधी फाडणार.

३) ग्रामसभेचा होकार मिळाला तरी प्रत्येक माणसाला वेगळं विचारावं. नाही म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारू नये. बिस्किटं, तांदूळ, जुने कपडे वाटून माहिती घेऊ नये. रेशनचं, घरकुलाचं काम होईल असं भासवू नये.

४) अठराच्या आतल्या पोराला आईबापाच्या होकाराशिवाय काही विचारू नये, फोटो काढू नये. वॉर्डनची, मुख्याध्यापकाची सही चालणार नाही.

५) नाव, मोबाईल, आधार नंबर घेऊ नये. रिपोर्टात वाडी ओळखू येईल असं काही लिहू नये, वाडीने स्वतः सांगितलं नसेल तर.

६) शिक्षकाने बरोबर यावं. पोरांना एकटं सोडू नये.

७) रिपोर्ट जमा करण्याआधी वाडीत येऊन मराठीत वाचून दाखवावा. चुकलं असेल ते दुरुस्त करावं. एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरात द्यावी.

आणि आपण काय करायचं

कॉलेज सुधारायची वाट बघत बसायचं नाही. कायद्याने आपल्या हातात जे आहे ते वापरू. रायगड पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून पेसा आपल्याला लागू नाही, हे खरं. पण वनहक्क कायदा लागू आहे. त्याच्या कलम ३(१) च्या 'के' पोटकलमात आपल्या पारंपरिक ज्ञानावर आपला सामूहिक हक्क मान्य केला आहे. कलम ५ ने आपला सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारसा जपायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. झाडाचं नाव, औषधाची पद्धत, देवाचं ठिकाण हे सगळं त्यात येतं. जंगलाचा दावा करतो तसाच शब्दाचा दावा करायचा.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. ते गाव निर्णय सर्वसहमतीने घेतं आणि स्वतःचे अभ्यासगट चालवतं. बाहेरच्याने येऊन आपला अभ्यास करण्याआधी आपण आपला अभ्यास करायचा. १९३४ साली कातकऱ्यांवर इंग्रजीत पुस्तक निघालं. नव्वद वर्षं झाली, आपल्यावर लिहिणं चालूच आहे. आपल्याला 'आदिम' म्हटलं, 'मागास' म्हटलं, 'व्यसनी' म्हटलं. आपण स्वतःला काय म्हणतो ते कुठल्या रिपोर्टात आहे?

यापुढे फॉर्म घेऊन कुणी आलं की पाच सवाल विचारायचे. कुठून आलात? कोणी पाठवलं? हे कशासाठी? माझं सांगणं कुणाकुणाला दाखवणार? परत कधी येणार? पाचही उत्तरं मिळाली तर घोंगडी टाका, पाणी द्या, बोला. एकाचंही उत्तर अडलं तर पाणी द्या, आणि गाडीची वेळ सांगा. पाहुण्याला पाणी देणं आपली रीत आहे, ती सोडायची नाही. जमिनीविषयी मात्र कुणालाही उभ्या उभ्या काही सांगायचं नाही. ते वनहक्क समितीच्या माणसासमोर, वडीलधाऱ्यांना बसवूनच.

येत्या ग्रामसभेत हा ठराव घ्या. गणपूर्ती बघा: निम्मी माणसं हजर पाहिजेत आणि त्यात तिसरा हिस्सा बाया. ठराव असा लिहा:

'आमच्या वाडीतील माणसांची, मुलांची, जमिनीची, जंगलाची व आमच्या ज्ञानाची माहिती कोणत्याही विद्यार्थ्याने, शिक्षकाने, संस्थेने अभ्यासासाठी घ्यावयाची असल्यास त्याने प्रथम ग्रामसभेस लेखी कळवावे व संमती घ्यावी. ग्रामसभेच्या संमतीनंतरही प्रत्येक व्यक्तीस नकार देण्याचा अधिकार राहील. संमतीशिवाय घेतलेली माहिती ग्रामसभेस मान्य नाही व ती कोणत्याही दाव्यात पुरावा म्हणून आमच्याविरुद्ध वापरता येणार नाही, अशी आमची भूमिका आहे. अहवालाची प्रत ग्रामसभेस देणे बंधनकारक राहील.'

ठरावाची एक प्रत पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला, एक तहसीलदाराला, आणि एकेक आसपासच्या प्रत्येक कॉलेजच्या प्राचार्याला टपालाने पाठवा. पोचपावती सांभाळून ठेवा. पोचपावती हाही कागदच आहे, आणि या वेळी तो आपला आहे.

जंगल आमचं, जमीन आमची, शब्दही आमचा!
विचारल्याशिवाय घ्यायचा नाही!

जिंदाबाद!